एन-६५ची कुळी

डेट्रॉइट डिझेल या अमेरिकन इंजिनांच्या जुन्या इंजेक्टरच्या अंगावर एक छोटी गोल चकती बसवलेली असते. तिच्यावर अक्षर आणि आकडा: एन५५, एन६०, एन६५. अमेरिकेत जीएमसीच्या जुन्या बसगाड्या जपणारे लोक बदली इंजेक्टर शोधू लागले की बोलणे या आकड्यापासूनच सुरू होते. डिझेलचे प्रमाण ठरवणारा रॅक पूर्ण उघडा असताना इंजेक्टरमधल्या प्लंजरच्या एका दाबात जेवढे घन मिलिमीटर डिझेल सिलिंडरात जाते, तेवढा हा आकडा.

कागद-पेन्सिल घेतली तर त्यातून एक मजेदार हिशेब निघतो. बसमधले नावाजलेले इंजिन म्हणजे ८व्ही-७१. आठ सिलिंडर, टू-स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरात एक फवारा. मिनिटाला २१०० फेरे धरले तर तासाला १० लाख ८ हजार फवारे होतात. दहा लाख घन मिलिमीटरचा एक लिटर. म्हणजे एन६५ लावलेले इंजिन पूर्ण भारावर तासाला ६५ लिटर पिणार आणि एन५५ लावलेले ५५. चकती वाचली की टाकीचा हिशेब आपोआप झाला.

हा मेळ योगायोगाचा आहे, पण त्यातून खरे कोडे समोर येते. हे इंजिन नखशिखांत इंचातले. ‘७१’ म्हणजे एका सिलिंडरचे ७१ घन इंच. एन मालिकेच्या इंजेक्टरची बसवायची उंची मोजायचा गेजही १.४६० इंचाचा. मग एवढ्या एका आकड्यातच मिलिमीटर कुठून शिरला?

सरळ उत्तर सोयीचे. ६५ घन मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.००३९७ घन इंच. एवढे चकतीवर कोण ठोकणार? उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. हा इंजेक्टर आला तेव्हा डिझेल फवारण्याच्या विद्येचे माहेर जर्मनी होते. स्टुटगार्टच्या बॉशने १९२७ मध्ये इंजेक्शन पंपांचे मालिका-उत्पादन सुरू केले आणि ‘एका दाबाला किती घन मिलिमीटर’ ही त्या धंद्याची भाषा झाली. डेट्रॉइटने यंत्र आपले घडवले, माप मात्र माहेरचे ठेवले, हा तर्क जास्त पटतो.

माप जर्मन, तर कल्पना कुणाची? इथे भांडण आहे. पंप आणि नोझल एकाच अंगात बसवण्याचे, म्हणजे युनिट इंजेक्टरचे, पेटंट १९११ मध्येच ब्रिटनमध्ये फ्रेडरिक लॅम्प्लो यांना मिळाले होते. अमेरिकेतल्या ज्या पेटंटकडे जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक इंजिनांचे मूळ म्हणून बोट दाखवतात, ते आर्थर फील्डेन यांचे, १९३४ सालचे. तोपर्यंत क्लीव्हलँडच्या विंटन कंपनीची युनिट इंजेक्टरवाली इंजिने कामाला लागलीही होती. विंटन १९३० मध्ये जनरल मोटर्सने विकत घेतली. तिच्या इंजिनांना सगळ्यात मोठी प्रसिद्धी रेल्वेने दिली. २६ मे १९३४ रोजी ‘झेफर’ ही पोलादी गाडी डेन्व्हरहून शिकागोला, म्हणजे १,६३३ किलोमीटर, १३ तास ५ मिनिटांत पोहोचली. तिच्यात विंटनचे ६०० अश्वशक्तीचे इंजिन होते. १९३८ मध्ये आलेली डेट्रॉइट डिझेलची ७१ मालिका ही त्याच जनरल मोटर्सच्या घरातली.

तारखांनी वारसा ठरवायचा तर लॅम्प्लो जिंकतात. पण १९११ची कल्पना वीस वर्षे नांदायला घर शोधत होती, आणि ते घर तिला या टू-स्ट्रोक इंजिनाच्या हेडने दिले. या रचनेत हवा सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्रांतून आत येते आणि धूर हेडमधल्या व्हॉल्व्हमधून बाहेर जातो. हेडमध्ये इनटेक व्हॉल्व्ह नाहीच, त्यामुळे मधली जागा मोकळी. कॅमशाफ्ट क्रँकच्याच वेगाने फिरतो, एक्झॉस्टचे रॉकर तिथे आहेतच. त्यांच्यामध्ये तिसरा रॉकर घातला की इंजेक्टर दाबला गेला.

यावर कमिन्सवाले हरकत घेतील. त्यांच्या जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनातही इंजेक्टर रॉकरनेच दाबला जातो. खरे आहे, पण तिथे डिझेल किती द्यायचे हे बाहेरचा पंप दाब कमी-जास्त करून ठरवतो. मोजणे आणि मारणे ही दोन्ही कामे एकाच अंगात करणारा तो डेट्रॉइटचा.

एसटीच्या जुन्या टाटा-लेलँड गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला हे सगळे उफराटे वाटेल. तिथे पंप एका बाजूला, नोझल दुसरीकडे आणि मध्ये पोलादी नळ्या. नोझल बनवणाऱ्या मायकोचे नाव नाशिकमध्ये चौकालाच मिळाले आहे. युनिट इंजेक्टरची अमेरिकन शाखा भारतात रेल्वेत भेटते: इएमडी या जनरल मोटर्सच्या तेव्हाच्या रेल्वे-इंजिन विभागाच्या रचनेची डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ इंजिने झेफरच्याच वंशातली.

चकतीवरच्या अक्षराचीही एक पिढी आहे. आधीच्या ‘एचव्ही’ इंजेक्टरमध्ये व्हॉल्व्ह टोकापासून वर असे. फवारा थांबल्यावरही खाली उरलेले डिझेल ठिबकायचे आणि धूर व्हायचा. ‘एन’मध्ये सुईसारखा व्हॉल्व्ह थेट टोकाजवळ बसला आणि ठिबकणे कमी झाले.

आता आकड्याकडे. बदली इंजेक्टर निवडताना मोठा आकडा म्हणजे चांगला, असे नसते. एन६५ घातले की ८व्ही-७१ ३१८ अश्वशक्ती देते. पण सिलिंडरांत हवा ढकलणारा ब्लोअर पूर्वीइतकीच हवा देतो. वाढलेल्या डिझेलाला ती पुरेनाशी झाली की काळा धूर, आणि जास्तीची उष्णता रेडिएटरच्या माथी. थांबत-थांबत धावणाऱ्या शहर बसला लहान आकडा, घाट चढणाऱ्या लांब पल्ल्याच्या कोचला मोठा, हा साधा हिशेब. ज्याने जुनी बस फिरते घर म्हणून घेतली आहे आणि उन्हाळ्यात वाळवंट ओलांडायचे आहे, त्याला एन५५ किंवा एन६० बरे. आठही इंजेक्टर एकाच आकड्याचे आणि एकाच जातीचे हवेत. एक एन६५ आणि सात एन६० असले की एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त राबतो.

नवे बसवून काम संपत नाही. आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट, मग इंजेक्टरची उंची, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची फट आणि त्यानंतर आठही रॅक एकसारखे जुळवणे, या क्रमाने ट्यूनिंग करावे लागते. अक्षर बदलले तर उंचीचा गेजही बदलू शकतो, म्हणून आधी चकती वाचायची. यातली सगळ्यात धोक्याची चूक रॅकची. एक रॅक उघड्या अवस्थेत अडकला तर गव्हर्नर बाकीचेही मागे खेचू शकत नाही आणि इंजिन बेफाम सुटते. अशा वेळी चावी फिरवून उपयोग नसतो. म्हणून या इंजिनांच्या ब्लोअरवर हवा बंद करणारी एक झडप दिलेली असते. डिझेल थांबले नाही तरी हवेवाचून जाळ लागत नाही. इंजेक्टर बदलल्यावर पहिल्यांदा इंजिन चालू करताना जाणता मेकॅनिक त्या झडपेपाशी एक माणूस उभा ठेवतो.