थांबण्याचा इतिहास

इतिहास हा मुळात निघालेल्यांचा असतो. कोण कुठून निघाला, किती फौजेनिशी निघाला, कुठल्या घाटाने उतरला, हे सारं सनावळीसकट शाळेत पाठ करून घेतात. तो थांबला कसा, हे कुणी विचारत नाही. चाकाचा शोध लावणाऱ्या अनामिक महापुरुषाला आपण पाचवीपासून वंदन करत आलो आहोत. पण ते चाक उतारावरून पहिल्यांदा सुटलं तेव्हा त्याच्यामागे "अरे धरा, धरा!" म्हणत धावलेला जो दुसरा महापुरुष असणार, ब्रेकचा खरा जनक, त्याला एक ओळसुद्धा मिळालेली नाही.

वास्तविक या उपेक्षितासाठी मी लेखणी उचलावी असं काही नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. यंत्रांशी माझा संबंध नोटा मोजायच्या मशिनपुरता. पण एक दिवस माझा धुळ्याचा भाचा जळगावात आला आणि त्याने माझ्यापुढे कर्जाचा अर्ज ठेवला. कर्जाचं कारण या रकान्यात लिहिलं होतं, 'जीपचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसविणे.'

लग्न, शिक्षण, बोअरवेल, घराचा गिलावा ही कारणं मला ठाऊक होती. एकाने तर 'सासऱ्याला उसने देणे' असंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण मागचे ब्रेक?

"मामा, तोरणमाळला न्यायचीय," भाचा म्हणाला. (तोरणमाळ आता नंदुरबार जिल्ह्यात. पण १९९८ पर्यंत ते धुळ्याचंच होतं, त्यामुळे धुळेकर अजून ते घरचंच समजतात.)

"आणि पुढचे ब्रेक?"

"ते गेल्या वर्षीच डिस्क केले. आता मागचेच राहिलेत."

बँकेत कुठल्याही प्रकरणाची चौकशी मागे मागे जाते. ही गेली ती थेट बैलगाडीपर्यंत.

आपल्या खानदेशात कापसाने डोंगराएवढी भरलेली गाडी उतरणीला लागली की तिचा ब्रेक म्हणजे बैलाची मान. बैल मागे रेटत, जू मानेवर ओढून घेत, पाय रोवत उतरायचा. फार तर गाडीवान चाकाच्या लोखंडी धावेवर एखादा लाकडी ठोकळा दाबून धरायचा. पश्चिमेकडे घोडागाड्यांना हाच ठोकळा होता आणि पहिल्या मोटारींनी तोच उचलला. घोडा गेला, ठोकळा राहिला.

या ठोकळ्यात पहिली सुधारणा कुणी केली? एका माहेरी निघालेल्या बाईने. यात नवल वाटण्यासारखं काही नाही, माहेरी निघालेल्या बाईला जगात काहीही अशक्य नसतं. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला, म्हणजे खुद्द मोटारीच्या जनकाला, न सांगता त्याची तीन चाकी मोटार काढली, दोन मुलांना बरोबर घेतलं आणि जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्झहाइमला आईकडे निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे जळगावहून निघून धुळे ओलांडून थोडं पुढे. वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले. बाईंनी एका गावातल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचा पहिला लायनर तो हाच. आज गॅरेजवाला 'लायनर गेलाय साहेब' म्हणून बिल पुढे करतो, त्याचं मूळ असं एका चपलेच्या दुकानात आहे.

पुढे १९०२ साल उजाडलं आणि ब्रेकच्या घराण्यात जुळी भावंडं जन्मली. फ्रान्समध्ये लुई रेनो याने ड्रम ब्रेक आणला. चाकाबरोबर फिरणारा एक डबा, त्याच्या आत दोन अर्धगोल 'शू'. पायडल दाबलं की शू फाकतात आणि डब्याला आतून घासतात. त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. कल्पना इतकी साधी की कुणाही आईला सुचावी, पोरगं पळायला लागलं की त्याचा कान दोन बोटांत धरायचा. पण लँचेस्टरने चिमट्याला तांब्याचे तुकडे लावले होते. धातूवर धातू घासून गाडी अशी किंचाळायची की रस्त्यावरची माणसं गाडीच्या आधी थांबायची. त्यात त्या काळचे रस्ते धुळीचे, तांबं भराभर झिजायचं. डिस्क मागे पडली आणि ड्रमने पन्नास वर्षं राज्य केलं.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. हर्बर्ट फ्रूड या इंग्रजाने चामड्याच्या जागी ॲस्बेस्टॉसचे लायनर आणले. ते तापलं तरी जळायचं नाही. त्याची धूळ फुप्फुसात घर करते हे सर्वांना पटायला मात्र फार वर्षं गेली. (ड्रम उघडून आतली धूळ तोंडाने फुंकणारा मिस्तरी दिसला तर त्याला अडवा. फडकं ओलं करून पुसायला सांगा.) दुसरी गोष्ट अमेरिकेतली. लॉकहीड बंधूंना आधी विमानांचा नाद होता. पुढे त्यातल्या माल्कमने पायाचा जोर तेलाच्या दाबाने चारी चाकांपर्यंत पोचवायची युक्ती काढली आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला ती लागली. एकाच घरातून एका भावाने माणसाला वर उडवावं आणि दुसऱ्याने जमिनीवर थांबवावं, याला म्हणतात संतुलित ताळेबंद.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि त्यातून जीप आली. सहा लाखांवर जीपगाड्या त्या युद्धासाठी तयार झाल्या. विलीज कंपनीच्या जीपला चारी चाकांना नऊ इंची ड्रम होते. इकडे १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, तेव्हा १९४८ मध्ये पाटीवर 'महिंद्र अँड महिंद्र' आलं. माझगावला जुळणी झालेल्या जीपा देशभर गेल्या. आमच्याकडे जीपने पाटबंधारे खात्याची नोकरी केली, निवडणुका लढवल्या, वऱ्हाडं वाहिली आणि काळी-पिवळी होऊन माणसांची वाहतूक केली. आत किती माणसं मावतात या प्रश्नाला खानदेशात एकच उत्तर होतं, 'अजून दोन.' एवढं ओझं वाढलं, ड्रम मात्र नऊ इंचांच्या जमान्यातलेच.

जिला लोक विसरले होते ती डिस्क पुन्हा कधी वर आली? जून १९५३, फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत. जग्वार कंपनीच्या गाड्यांना चारी चाकांना डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. इतर चालक वळणाच्या बरेच आधी पाय दाबायचे, जग्वारवाले उशिरा दाबायचे. जग्वार पहिली आली. शर्यत जो जोरात पळतो तो जिंकतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही शर्यत ज्याला थांबण्याची खात्री होती त्याने जिंकली.

आता या दोहोंत फरक काय, हे मी माझ्या भाषेत सांगतो. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, त्याचं उष्णतेत रूपांतर करतो. या खात्यातून त्या खात्यात, एवढंच. दीड टन वजनाची जीप ताशी साठ किलोमीटरवरून एकदा थांबली, की तेवढ्या उष्णतेत पाचसहा कप चहाचं पाणी उकळेल. ही उष्णता ठेवायची कुठे? ड्रम हा एखाद्या अंधाऱ्या पतसंस्थेसारखा असतो. सगळा व्यवहार झाकणाआड. आत किती तापलंय हे बाहेर कळत नाही आणि कळतं त्या दिवशी दारात रांग लागलेली असते. फार तापला की ड्रम फुगतो, शूपासून लांब सरकतो, लायनरची पकड जाते आणि पायडल खाली खाली जातं. डिस्कचा हिशेब उघड्यावर. वारा लागतो, लवकर निवते, नदीनाल्यातून गेली तर पाणी फेकून देते. चिखलापाण्यात ड्रमची मात्र पुरती दैना.

एवढं कळल्यावर मी भाच्याचा अर्ज मंजुरीच्या गठ्ठ्यात सरकवणार होतो. पण कुठल्याही प्रकरणात तज्ज्ञाचं मत हवं, म्हणून आम्ही धुळ्यात भाच्याच्या मिस्तरींकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर जीपाच दुरुस्त केल्या आहेत. अर्ज वाचून ते आधी हसले, मग अहिराणीत म्हणाले, "भाऊ, गाडी चालू करनं सोपं शे, उभी करनं कठीन शे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नोंदवहीत टिपावं तसं टिपलं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, नाक खाली झुकतं. थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढची चाकं करतात. पुढे डिस्क झाली की मोठी मजल झाली. कंपन्याही म्हणूनच वर्षानुवर्षं पुढे डिस्क आणि मागे ड्रम देत आल्या, २०२० च्या नव्या थारलासुद्धा. मागे नुसती डिस्क डकवून भागत नाही. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व असू शकतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. पुढच्या-मागच्या जोराचं प्रमाण नव्याने बसवावं लागतं. ते चुकलं आणि मागची चाकं आधी जाम झाली, तर?

"पुढला पाय घसरना ते मानूस सावरस," मिस्तरी म्हणाले, "मांगला घसरना ते गाडी फिरी जास."

हँडब्रेकची तेवढी काळजी नव्हती. बहुतेक गाड्यांचा तो मागच्या ड्रममध्येच असतो, त्यामुळे ड्रम काढला की हँडब्रेकही जातो. जुन्या जीपचा मात्र ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर. पण मला माझी एक काळजी होती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. म्हणजे उद्या अपघात झाला तर विमा कंपनी गाडीखाली वाकून मागची चाकं बघणार. विमेवाले एरवी कुणापुढे वाकत नाहीत.

"मग मी करू काय?" भाच्याने विचारलं.

मिस्तरींनी मागचा ड्रम खोलून दाखवला. एका बाजूचा व्हील सिलिंडर गळत होता आणि लायनर तेलाने चिंब. ब्रेकचं तेल कधी बदललं हे भाच्याला आठवेना. हे तेल हवेतली ओल शोषतं आणि तापलं की त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, चाक दाबलं जात नाही. मागच्या दोन्ही बाजूंचे लायनर, सिलिंडर, रबरी पाइप आणि नवं तेल, एवढ्याचा अंदाज मागितला तर तो अर्जातल्या रकमेच्या पाव हिश्श्यात बसला. बँकेच्या नोकरीत मी कर्ज कमी करून माणूस खूश झालेला पाहिला, तो हा पहिला.

निघताना मिस्तरींनी तोरणमाळच्या उताराबद्दल एकच सूचना दिली, "ब्रेक पायमा नही ऱ्हात, डोकामा ऱ्हास."

हे वाक्य मी हसून सोडून दिलं असतं. पण मुंबई-आग्रा रस्त्यावर, शिरपूरच्या पुढे, पळासनेर आहे. ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाकडून येणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. पुढची वाहनं उडवत तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. घरून कामाला किंवा गावाला म्हणून निघालेली माणसं. इथे विनोदाने बाजूला उभं राहावं.

त्या कंटेनरचं नेमकं काय झालं ते तपासणाऱ्यांनी सांगावं. पण कुठल्याही घाटाचा हिशेब मांडता येतो. पंचवीस टनांचा भरलेला ट्रक दोनशे मीटर खाली उतरतो तेव्हा जी उष्णता निघते, ती सगळी ब्रेकवर टाकली तर दीडशे लिटरच्या आसपास पाण्याला उकळी फुटेल. ड्रम असो की डिस्क, इतकं देणं एकट्या ब्रेकला झेपत नाही. त्यातला मोठा वाटा इंजिनाने उचलायचा असतो, आणि तो ते उचलतं गाडी खालच्या गिअरमध्ये असली तरच. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या चालकांचा नियम. त्याला फाटा देऊन डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की वाचलेलं डिझेल अर्धा लिटर आणि पणाला लावलेले प्राण खालच्या गावातल्यांचे. असा सौदा कुठलीही बँक मंजूर करणार नाही.

भाचा तोरणमाळला जाऊन आला. उतरताना अख्खा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरला म्हणे. मागच्या गाड्या सारख्या हॉर्न वाजवत होत्या.

मी म्हटलं, वाजू देत.