शिकवलं न गेलेलं गाणं

फिस्क विद्यापीठात संगीत कसं शिकलं जाई हे शोधताना आधी अभ्यासक्रम उघडू नये. खजिनदाराचा हिशेब पाहावा. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये ही शाळा 9 जानेवारी 1866 रोजी सुरू झाली, गुलामगिरी कायद्यानं संपली त्याच्या पुढच्याच महिन्यात. जागा म्हणजे यादवी युद्धात लष्करी दवाखान्यासाठी बांधलेल्या लाकडी बराकी. गुलामांच्या बाजारातल्या गंजक्या बेड्या भंगारात विकून इथं पहिली पुस्तकं घेतली, अशी आठवण फिस्कमध्ये अजून सांगतात. पाच वर्षांत बराकी मोडकळीला आल्या आणि तिजोरीत काही उरलं नाही. खजिनदार होते जॉर्ज व्हाइट. ते गोरे होते, लोहाराचा मुलगा. संगीताचं रीतसर शिक्षण झालेलं नसताना मुलांना गाणं तेच शिकवत. तिजोरी आणि गाणं एकाच माणसाच्या हाती होतं, हा योगायोग पुढचं सगळं समजायला पुरेसा आहे.

त्यांची मदतनीस एला शेपर्ड. 1851 सालचा जन्म, तोही गुलामीत. बापानं 350 डॉलर मोजून लेकीला सोडवलं. आई मालकाकडेच राहिली. पुढं सिनसिनाटीत एका गोऱ्या शिक्षिकेनं त्यांना गाणं शिकवायचं कबूल केलं, पण अटी घालून: रात्री यायचं, मागच्या दारानं यायचं आणि कुठं बोलायचं नाही. विद्या द्यायची पण पुढच्या दारानं नाही, हा व्यवहार मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. 1868 मध्ये सहा डॉलर घेऊन त्या फिस्कला आल्या. पुढं संगीत शिकवू लागल्या आणि तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका ठरल्या.

शेपर्ड यांची युरोपच्या दौऱ्यातली रोजनिशी शिल्लक आहे आणि 1911 साली लिहिलेली आठवणही. रोजनिशी त्या त्या दिवसाची, आठवण चाळीस वर्षांनंतरची. दोन्हींना एकाच मापानं तोलता येत नाही. तरी आठवणीतली एक गोष्ट मी खरी धरतो, कारण ती सांगणाऱ्याच्या मोठेपणात भर घालत नाही. व्हाइट वर्गात शिकवत ते युरोपी वळणाचं गाणं. आईबापांची, मळ्यावरची गाणी मुलं चारचौघांत म्हणतच नसत. ती गुलामीच्या दिवसांची होती, आणि वडीलधाऱ्यांच्या प्रार्थनेची म्हणून पवित्रही. व्हाइट यांच्या घरी, खुर्च्या अपुऱ्या म्हणून जमिनीवर बसून, हळू आवाजात एकानं दुसऱ्याला शिकवावं, असा तो वर्ग चाले. शिकणारे आणि शिकवणारे तीच मुलं.

6 ऑक्टोबर 1871 रोजी नऊ विद्यार्थी घेऊन व्हाइट पैसा उभा करायला निघाले. सुरुवातीला नेहमीची सभ्य गाणी झाली आणि झोळी हलकीच राहिली. शिकागो जळाल्याची बातमी आली तेव्हा पन्नास डॉलरही न भरलेली एका कार्यक्रमाची मिळकत त्यांनी आगग्रस्तांना दिली. नोव्हेंबरात ओबर्लिनला पाद्र्यांच्या परिषदेत त्यांनी ती घरची गाणी म्हटली आणि वारं फिरलं. पुढच्या वर्षी दौरा संपला तेव्हा 20,000 डॉलर जमले होते.

याच धामधुमीत थिओडोर स्यूअर्ड यांनी गाणी कागदावर उतरवली. 1872 च्या त्यांच्या पुस्तिकेत एक निरीक्षण आहे: बऱ्याच चालींत सप्तकाचा चौथा आणि सातवा स्वर येतच नाही. आपल्या भाषेत म आणि नी वर्ज्य, म्हणजे भूपाचेच पाच स्वर. म्हणून तो भूप ठरत नाही, राग नुसत्या स्वरांवर थोडाच उभा राहतो! पण हार्मोनियमच्या भात्यामागं वाढलेला आपल्याकडचा भजनी माणूस त्या चाली न बिचकता उचलील, एवढं खरं. स्यूअर्डच्या पाच रेघांत स्वर आले. दोन स्वरांमधली घसीट आली नाही.

1873 साली ही मंडळी इंग्लंडला गेली आणि व्हिक्टोरिया राणीपुढं गायली. त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. यावरून दुवा जोडू नये; साल एक आहे, इतकंच. फुल्यांना कायदा दिसत होता, आणि कायद्यानं सुटलेली मुलं तेव्हा लंडनमध्ये इमारतीसाठी गात होती. 1 जानेवारी 1876 रोजी फिस्कमध्ये त्या इमारतीचं, ज्युबिली हॉलचं, उद्घाटन झालं. गाणाऱ्यांपैकी अनेकांचं शिक्षण मात्र दौऱ्यांतच राहून गेलं. विद्यापीठानं पहिल्या गायकांना संगीताची मानद डॉक्टरेट दिली ती 1978 साली, त्यांतलं कोणी हयात नसताना.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस 1888 साली फिस्कमधून पदवीधर झाले. 1903 च्या त्यांच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर या गाण्यांचे स्वर छापले आहेत, शब्द नाहीत. याच ड्यू बॉइसना 1946 साली बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइसचं उत्तर 31 जुलैचं आहे. 20 जूनलाच मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं होतं. पत्रात गाण्याविषयी काही नाही. असण्याचं कारणही नव्हतं.

तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवी. 1950 साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालं, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित मुलांना पुढच्या दारानं आत जाता येईल अशी जागा झाली. फिस्कशी तुलना इथंपर्यंत चालते, पुढं ताणू नये. आपल्याकडं गाणं जलशात होतं. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी 1930 नंतर जलसा गावोगाव नेला आणि त्याची हकिगत स्वतः लिहून ठेवली, म्हणून ती आपल्या हाती आहे.

फिस्कमध्ये असं लिहून ठेवण्याचं काम वर्क घराण्यानं केलं. धाकटे जॉन वर्क 1927 पासून तिथं संगीत शिकवत. 1941 आणि 1942 साली लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्यासोबत ते मिसिसिपीतल्या कोआहोमा काउंटीत गाणी गोळा करायला हिंडले. ब्लूज गायक मडी वॉटर्सचं पहिलं ध्वनिमुद्रण याच फेरीतलं. वर्क यांनी गाण्यांचं स्वरलेखन केलं, मोठा मजकूर लिहिला. तो छापला गेला नाही आणि नाव झालं लोमॅक्सचं. पुढं तो मजकूर लोमॅक्स यांच्याच कागदांत सापडला आणि 2005 साली पुस्तकरूपानं निघाला. वर्क 1967 साली वारले होते.