जिऱ्याची ओळख

मी बँकेत चिकटलो त्या काळी खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. सही करणाऱ्याला नव्या माणसाची काडीचीही माहिती नसे, हा भाग वेगळा. इस्तंबूलच्या झेतिनबुर्नू भागातल्या उइगूर हॉटेलात माझी ओळख दिली ती जिऱ्यानं.

भाचा तिथं नोकरीला आहे. म्हणाला, "मामा, आज उइगूर जेवण." मॅनेजरांच्या नव्या योजनेला डोलावतो तशी मी मान डोलावली, म्हणजे काही न समजता. हिनं पर्समधली मेतकुटाची पुडी जागेवर आहे ना, ते चाचपून घेतलं.

पहिल्यांदा लग्मन आलं. हातानं ओढून केलेल्या लांबच लांब शेवया आणि वर मटण, सिमला मिरची, टोमॅटो यांचा रस्सा. हा शब्द चिनी 'ला म्येन'वरून, म्हणजे ओढलेली शेवई. मी एक टोक तोंडात धरून ओढू लागलो. घरकर्जाच्या हप्त्यांसारखा त्याला शेवटच येईना. मग गाजर-मटणाचा पोलो, म्हणजे आपला पुलाव. सामसा म्हणजे समोसाच, पण तळलेला नव्हे, तंदुरात भाजलेला. रोटीला नान, कांद्याला पियाझ आणि जिऱ्याला झिरे! परकी भाषा म्हणून धास्तावलो होतो. ती निम्मी आमच्या वाण्याच्या यादीतली निघाली.

यात नवल नाही. इ. स. ८४० मध्ये किरगिझांनी उइगूरांचं मंगोलियातलं राज्य बुडवलं, तेव्हा त्यांतले बरेच तुर्फानकडे सरकले. तिथून चीन, इराण आणि हिंदुस्थान या तिघांच्या वाटा जवळ. एकाकडून शेवई आली, दुसऱ्याकडून पुलाव. आपल्या लेहच्या बाजारात तर यारकंदचे व्यापारी शतकानुशतकं काराकोरम खिंड ओलांडून येत.

त्याच मुलखातल्या महमूद काश्गरीनं अकराव्या शतकात बगदादला बसून तुर्की भाषांचा कोश रचला. त्यात 'तुतमाच' या शेवयांच्या पदार्थाची गोष्ट आहे. सिकंदराचे सैनिक त्याला म्हणाले, "आम्हांला उपाशी ठेवू नकोस," आणि त्याच शब्दांवरून पदार्थाचं नाव पडलं. या कोशाची जगातली एकुलती एक जुनी प्रत इस्तंबूलमध्येच आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अली अमीरी नावाच्या पुस्तकवेड्याला ती रद्दीवजा पुस्तकांच्या दुकानात सापडली. किंमत तीस लिरा, वर दुकानदाराची दलाली तीन. खिशात पैसे अपुरे! सांगतात, की त्यानं दुकानदाराला दुकानातच कोंडलं आणि उसने आणायला धावला. एवढं तारण ठेवून घेतलेलं कर्ज मी आजवर पाहिलेलं नाही.

"फार छान!" मी गल्ल्यावरच्या गृहस्थांना खुणेनं सांगितलं. ते भाच्याशी तुर्कीत बोलले. "आई याहून बारीक ओढायची," भाच्यानं मराठीत सांगितलं. हिनं लगेच विचारलं, "मग फोन करून विचारत का नाहीत?" हिचा प्रश्न रास्त होता. आदल्याच दिवशी आमटीत चिंच किती घालावी, हे हिनं इस्तंबूलहून साताऱ्याला फोन करून विचारलं होतं.

भाचा थोडा थांबून म्हणाला, "मामी, २०१७ पासून यांचं आईशी बोलणं नाही."

त्या साली चीन सरकारनं शिनच्यांगमधले लाखो उइगूर छावण्यांत डांबायला सुरुवात केली. सरकार त्यांना प्रशिक्षण केंद्रं म्हणतं; २०२२च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाला तिथं मानवतेविरुद्ध गुन्हे घडले असावेत असं वाटतं. परदेशातून फोन आला, तर तो घेणाऱ्यावरच संशय येतो. म्हणून मुलगा फोन करत नाही. त्याची माया त्याच्या न बोलण्यात आहे.

ही गप्प झाली. मग तिनं पर्समधली मेतकुटाची पुडी काढून गल्ल्यावर ठेवली. गृहस्थांनी ती उघडून हुंगली आणि हसून म्हणाले, "झिरे!"

त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खात्यावर 'निष्क्रिय' असा शेरा पडतो. तो शेरा मी आजवर शेकडो वेळा मारला असेल. हल्ली मारताना हात जरा थांबतो. व्यवहार नसला म्हणजे खातेदार विसरला, असं थोडंच आहे!