पाण्यातल्या मुळांचा श्वास
मातीवाचून रोप वाढते, हे युलिउस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियात गेरिके यांनी पाण्याच्या टाक्यांवर टोमॅटोचे उंचच उंच वेल चढवले. १९३७ साली या विद्येला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव मिळाले. लोक हुरळून गेले. पण १९३८ साली होगलंड आणि आर्नन यांनी सांगितले की, द्रावणात हवा खेळती हवी. का बरे? पाण्यातला प्राणवायू सरला की मूळ गुदमरते, अन् पिथियमसारखा बुरशीवजा रोगजंतू त्यात घर करतो. तेव्हा मुळे तपकिरी, बुळबुळीत दिसली तर कुजका भाग कापा, टाकी धुऊन द्रावण बदला, ते गार आणि उजेडापासून झाकलेले ठेवा. हवेचा पंप मात्र बंद पडू देऊ नका. मुळाला अन्नाइतकाच श्वासही लागतो!