सरळ रेषेतला गियर : आकुर्डीची मूठ ते चाकणची रेस-कार

'सिक्वेन्शियल शिफ्टर' हा शब्द उच्चारला की मोटारींच्या शौकिनांना शर्यतीचे मैदान आठवते. दांडा मागे ओढावा, वरचा गियर पडावा. पुढे ढकलावा, खालचा पडावा. साध्या मॅन्युअल गाडीला असा दांडा बसवून घेण्याची हौस म्हणूनच महागडी आणि परदेशी वाटते. पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत मात्र ही समजूत उलटी आहे. या शहराच्या डाव्या मनगटाला सरळ रेषेतला गियर साठच्या दशकापासून ठाऊक होता.

आरंभ मात्र फ्रान्समधला. १८९० च्या दशकात पानार-लव्हासोर कंपनीच्या मोटारींत गियरचा दांडा एकाच सरळ मार्गावर पुढे-मागे सरकत असे. चौथ्यावरून पहिल्यावर यायचे तर वाटेतले सारे गियर ओलांडावे लागत. १९०१ साली विल्हेल्म मायबाख यांनी रचलेल्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीत दांड्याला समांतर खाचांची जाळी मिळाली आणि 'एच' आकाराचा मार्ग रूढ होऊ लागला. म्हणजे ज्याला आज जुने समजतात तो 'एच' हीच त्या काळची सुधारणा होती. चालकाला चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर येण्याचे स्वातंत्र्य तिने दिले, आणि त्यासोबत चुकीच्या खाचेत शिरण्याचा धोकाही. भरवेगात तिसऱ्याऐवजी पहिला पडला, तर इंजिनाचे काय होईल हे सांगायला नको.

आता आकुर्डी. १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने सुरू झालेल्या कंपनीने आधी दुचाकी-तिचाकी आयात केल्या, १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला आणि इटलीच्या पियाज्योशी तांत्रिक करार करून व्हेस्पा स्कूटर बनवायला घेतली. ही कंपनी म्हणजे बजाज ऑटो. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली.

चेतकच्या डाव्या मुठीत क्लच आणि गियर एकत्र नांदत. क्लच दाबायचा, मूठ पिळायची : पहिला, न्यूट्रल, दुसरा, तिसरा, चौथा, एकाच ओळीत. मुठीपासून इंजिनापर्यंत दोन गियर वायर जात. एक ओढे, दुसरी सैल सोडे. आत पोकळ शाफ्टमध्ये चार टोकांचा एक क्रॉस सरकत असे. चारही गियर कायम फिरते दाते गुंतवून असत. क्रॉस ज्याच्यात अडके तोच शक्ती चाकाकडे नेई. क्रॉसची टोके झिजली की चढावर गियर सुटायचा, हा अनुभव त्या पिढीच्या अनेकांना असेल. काटेकोर पाहता ही पूर्ण सिक्वेन्शियल रचना नव्हे, कारण क्लच दाबून एका पिळात दोन गियर ओलांडता येत. पण क्रम पक्का होता आणि 'एच'ची भूलभुलैया नव्हती. तीच मूठ बजाजच्या ऑटोरिक्षात गेली. दिवसभर गर्दीतून रिक्षा हाकणाऱ्या हजारो मनगटांनी जी कसरत केली, तिला कुणी शर्यतीचे तंत्र म्हटले नाही. म्हणायला हरकत नव्हती.

मोटारसायकलने हे काम पायाकडे दिले. पाय वर किंवा खाली एवढेच सांगू शकतो; म्हणून गियरपेटीत नागमोडी खाचा कोरलेला ड्रम आला. प्रत्येक ठोक्यास तो एक पायरी फिरतो आणि खाचांत बसलेले फोर्क गियर सरकवतात. २००१ मध्ये चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या पल्सरमध्ये हीच रचना होती.

मोटारीला बाजारातून जो सिक्वेन्शियल शिफ्टर बसवतात, त्याचे मर्म याच ड्रममध्ये आहे. जपानच्या इकेया फॉर्म्युलासारख्या कंपन्यांचा संच मूळ दांड्याच्या जागी बसतो. चालकाचा पुढे-मागे झटका तो 'एच'मधल्या आडव्या-उभ्या हालचालीत बदलतो. पेटी तीच, आतले दाते तेच, सिंक्रोमेशही तोच. त्यामुळे खाच चुकत नाही. परंतु सिंक्रोमेशला दोन चाकांचे वेग जुळवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागतोच. शर्यतीच्या खऱ्या सिक्वेन्शियल पेटीत सिंक्रोमेश नसून जाड, थोड्या दातांच्या डॉग-रिंग असतात; त्या खाडकन अडकतात आणि आवाजही तसाच करतात. एक हाताची चूक टाळतो, दुसरी वेळ वाचवते. हा भेद न कळता केलेला खर्च बहुधा निराशा देतो.

१९८९ मध्ये ब्राझीलच्या ग्रां प्रीमध्ये नायजेल मॅन्सेलने फेरारी ६४० जिंकवली, तेव्हा गियर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांवर आला होता. पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, त्या विचाराची स्वस्त आवृत्ती भारतात उतरली : मारुती सेलेरियो आणि मग पिंपरीशी जुने नाते असलेल्या टाटा मोटर्सची झेस्ट. त्यांच्या एएमटीत मॅन्युअल पेटीवरच क्लच आणि दांडा हलवणारी यंत्रणा चढवली होती; दांड्यावर अधिक-उणेच्या खुणा होत्या. शौकीन जे बाजारातून बसवतो, त्याचाच हा कारखान्यातला, क्लचचे पेडलही काढून टाकणारा भाऊ.

बजाजने मात्र मोटारसायकलचीच वाट चारचाकीत आणली. जानेवारी २०१२ मध्ये दाखवलेली आरई-६०, पुढे क्यूट या नावाने ओळखली गेलेली, पाच गियरच्या सिक्वेन्शियल पेटीची होती. तिच्यासाठी 'क्वाड्रिसायकल' हा वर्गच कायद्यात नव्हता. वाळूजमध्ये बनणारी ही गाडी महाराष्ट्रात विक्रीला आली ती २०१९ मध्ये. दुसऱ्या टोकाला, तेव्हा चाकणमध्ये बनत असलेल्या फोक्सवागन अमिओची २०१७ च्या अमिओ कपसाठीची रेस-कार : १.८ लिटर टर्बो इंजिन आणि सहा गियरची खरी सिक्वेन्शियल पेटी.

मैदानाबाहेर मात्र कायदा आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे म्हटले. रस्त्यावरच्या गाडीत शिफ्टर बसवू पाहणाऱ्याने पाना हातात घेण्यापूर्वी हा निकाल वाचावा.

त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, चाकणला नव्या चेतकचे उत्पादन सुरू झाले. ती विजेवर चालते. तिच्या डाव्या मुठीत गियर नाही.