कणीक आणि व्होल्टेज

बुलढाणा जिल्ह्यातलं रोहिणखेड बालाघाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. आज ते मोताळा तालुक्यातलं एक गाव, पण बऱ्हाणपूर सोडून दख्खनच्या पठारावर चढायचं तर एके काळी वाट इथून जायची. म्हणून इथे दोनदा मोठ्या लढाया झाल्या. १४३७ साली खानदेशचा नसीर खान आणि बहमनी फौज इथे भिडली, आणि दीडशे वर्षांनी निजामशाहीच्या गादीचा निकालही इथल्याच रानात लागला. त्या दुसऱ्या लढाईत हरलेल्या जमाल खानाचा अनुयायी खुदावंद खान याने १५८२ मध्ये बांधलेली मशीद ही या गावाची ओळख. गावातून सरळ उत्तरेला, मलकापूर ओलांडून गेलं की बऱ्हाणपूर. भारतातल्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यांच्या इतिहासाचा एक धागा त्या शहराचं नाव लावणाऱ्या एका पखवाजियापाशी सुरू होतो.

त्यांचं नाव गोविंदराव बऱ्हाणपूरकर. नाना पानसे यांच्या परंपरेतले ते पखवाजवादक. नाना मूळचे वाईजवळच्या बावधनचे. कीर्तनाच्या साथीतून वर आले आणि इंदूरला होळकरांच्या आश्रयाने त्यांचं घराणं नावारूपाला आलं. मराठी मुलखातल्या देवळात आणि कीर्तनात घुमणारा मृदंग दरबारी पखवाजाच्या विद्वत्तेला जोडला गेला तो या घराण्यात. गोविंदरावांनी हे वादन पुढे अहमदाबादेत शिकवलं, आणि साराभाईंच्या घरातल्या एका मुलीने त्यांच्याकडे पखवाज शिकायला घेतला. मुलींनी पखवाज वाजवण्याचा तो काळ नव्हता. गीता साराभाई यांनी तो वाजवला, आणि देशातल्या पहिल्या काही स्त्री-पखवाजियांत त्यांचं नाव घेतलं जातं.

पखवाज शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते: या वाद्याचा आवाज तयार मिळत नाही, तो दर बैठकीला घडवावा लागतो. डाव्या तोंडावर ओली कणीक थापायची. किती थापायची, किती सैल मळायची, याचं माप हातालाच ठाऊक. थोडी कमी पडली तर धुम्मा, म्हणजे हे डावं तोंड, कोरडा बोलतो, जास्त झाली तर आवाज बसतो. उजव्या तोंडावर कायमची शाई असते, तिथे वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारून स्वर वर-खाली न्यायचा. मैफल संपली की कणीक खरवडून काढायची. पुढच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या शाईचं रहस्य चंद्रशेखर वेंकट रामन यांनी उलगडलं. १९२० साली सिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, आणि १९३४ मध्ये याच विषयावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. साध्या ताणलेल्या गोल कातड्यावर थाप मारली तर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट अशा आडनिड्या कंपनांचा गोंधळ उठतो. त्यांचं एकमेकांशी जमत नाही, म्हणून ढोलाला किंवा ताशाला नेमका स्वर नसतो. कातड्याच्या मधोमध शाईचं वजन बसवलं की ही कंपनं सरकत सरकत दुप्पट, तिप्पट अशा नात्यात येतात आणि तबल्याच्या, मृदंगाच्या थापेतून स्वर ऐकू येतो. पुढे विजेवर तालवाद्यं घडवणाऱ्यांना नेमका हाच प्रश्न पडणार होता, पण अनेकदा उलट्या बाजूने.

गीताबेन १९४६ साली पाश्चात्त्य संगीत शिकायला न्यूयॉर्कला गेल्या. तिथे त्यांची भेट जॉन केज या तरुण संगीतकाराशी झाली आणि दोघांनी एकमेकांना शिकवायचं ठरवलं: त्याने त्यांना पाश्चात्त्य रचनाशास्त्र, त्यांनी त्याला भारतीय संगीत आणि त्यामागचा विचार. केज त्या वेळी पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवून एकाच पियानोतून अख्खा तालवाद्यांचा ताफा उभा करत होता. वाद्याचा आवाज वादनाआधी स्वतःच्या हाताने घडवायचा, ही सवय पखवाज वाजवणारीला वेगळी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दोघांचं इतकं जमलं याचं कारण बहुतेकदा तत्त्वज्ञानात शोधलं जातं. कणकेच्या गोळ्यातही ते शोधायला हवं.

केजचा सर्वांत जवळचा सहकारी म्हणजे पियानोवादक डेव्हिड ट्यूडर. गीताबेनचे भाऊ गौतम आणि बहीण गिरा यांनी १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी केली होती. १९६९ मध्ये ट्यूडर तिथे आला आणि त्याने संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ मांडून दिला. त्यात मोग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर होता. अमेरिका-युरोपातल्याही मोजक्याच विद्यापीठांकडे असं यंत्र होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मॉड्युलर म्हणजे सुटे भाग. एका चौकटीत शेजारी शेजारी बसवलेल्या पेट्या, प्रत्येकीचं काम एकच, आणि त्यांच्यामधला संबंध वाजवणाऱ्याने वायरींनी जोडायचा. मोगच्या त्या पिढीत ९०१ क्रमांकाचं मॉड्यूल स्वर निर्माण करायचं, ९०३ नुसती खरखर, ९०४ गाळणी, ९०२ आवाजाची पातळी, आणि ९११ ती पातळी किती वेळात चढेल, किती वेळात उतरेल हे ठरवायचं. 'ड्रम' असं लिहिलेली पेटी यात कुठेच नाही. ड्रम हवा असेल तर तो या पाच जणांकडून करून घ्यायचा.

तो असा होतो. ९११ची चढण्याची वेळ शून्यावर आणायची, म्हणजे आवाज एकदम फुटतो. उतरण्याची वेळ सेकंदाच्या पाव हिश्शावर ठेवायची. हाच चढउतार थोडा स्वराच्या पेटीकडेही पाठवायचा, म्हणजे थापेच्या क्षणी स्वर वर असतो आणि लगेच खाली घसरतो. कानाला कातड्याचा भास होतो तो या घसरण्याने. त्यात ९०३ची चिमूटभर खरखर गाळून मिसळली की काठी लागल्याचा आवाज येतो. पाश्चात्त्य ड्रमसाठी एवढं पुष्कळ झालं. डग्ग्यासाठी नाही. डग्ग्यावर 'घे' वाजवताना थाप पडून गेल्यावर मनगट दाबत पुढे सरकतं आणि स्वर खालून वर चढतो. म्हणजे स्वराकडे जाणारा तोच विद्युत्दाब उलटा करून, जरा उशिराने द्यायला हवा. उजव्या हाताच्या 'ता'ला तर रामनांचा हिशेब लागतो: आडनिडे स्वर एकत्र करून चालत नाही, दुप्पट-तिप्पट नात्यातलेच हवेत. कागदावर हे सगळं त्या यंत्रात शक्य होतं.

एनआयडीत तीन-चार वर्षं खूप काम झालं. आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आणि स्वतः गीता साराभाई यांनी तिथे रचना केल्या. शर्मा यांच्या तुकड्यांचं नावच 'डान्स म्युझिक', आणि त्यांत यंत्राची ठेका धरणारी, पुन्हापुन्हा येणारी स्पंदनं आहेत. १९७२ नंतर स्टुडिओ थंडावला, ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या, २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर पर्गस यांचा त्यावरचा माहितीपर कार्यक्रम झाला आणि २०२३ मध्ये १९६९ ते १९७२ या काळातल्या निवडक फिती प्रसिद्ध झाल्या. पन्नास वर्षं कोणी ऐकलंच नाही, म्हणून त्यातून शिष्य तयार झाले नाहीत, दुरुस्ती करणारे तयार झाले नाहीत, आणि कुणा कारागिराने त्या पेट्या उघडून स्वतःची पेटी केली नाही. बोलांची जाण आणि व्होल्टेजची जाण एकाच छताखाली आली होती. ती दोन्ही पुन्हा वेगळी झाली, हे या इतिहासातलं सर्वांत मोठं नुकसान आहे.

मुंबईत वेगळीच चाल होती. तिथे यंत्र आलं ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगसाठी, आणि आणणारे होते रोजच्या शिफ्टवर वाजवणारे वादक. कावस लॉर्ड यांनी बाँगो-काँगासारखी तालवाद्यं हिंदी सिनेमात रुळवली. त्यांचे चिरंजीव केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात सिंथेसायझर स्टुडिओत आणला. शंभर-शंभर वादकांच्या ताफ्यावर चालणाऱ्या धंद्यात अशा पेटीकडे काळजीने पाहिलं जाणं साहजिक होतं. पुढे ती काळजी खरीही ठरली.

मग रोलँड टीआर-८०८. इकुतारो काकेहाशी यांच्या जपानी कंपनीने हे तालयंत्र १९८० मध्ये बाजारात आणलं आणि १९८३ मध्ये बंद केलं. तोवर सुमारे बारा हजार नग तयार झाले. ८०८च्या पोटात ध्वनिमुद्रण नाही. प्रत्येक आवाजाला स्वतंत्र लहानसं सर्किट आहे, म्हणजे मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये वायरी जोडून जे करायचं ते इथे कारखान्यातच कायमचं जोडून टाकलेलं. बास ड्रमच्या सर्किटला विजेचा एक झटका मिळतो आणि ते पन्नास हर्ट्झच्या आसपास घुमत विझतं. झांजेसाठी एकमेकांशी न जमणारे सहा चौकोनी लहरींचे स्वर एकत्र करून गाळले आहेत. काउबेलला दोनच पुरतात, ५४० आणि ८०० हर्ट्झचे. टाळीसाठी खरखरीचे तीन-चार तुकडे इतक्या झटपट एकामागून एक येतात की बऱ्याच जणांनी टाळ्या दिल्यासारखं वाटतं. इथे स्वरांचं न जमणं हाच गुण आहे. शाई लावून जे घालवलं, ते इथे मुद्दाम आणलं आहे.

मुंबईचे सत्रवादक चरणजीत सिंग यांनी ही पेटी, सोबत टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर घेऊन 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. १९८२ची ही गोष्ट, तबकडी एचएमव्हीची. ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, मालकंस. खाली ८०८चा न थांबणारा, न बदलणारा ठेका. ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये तिचं पुनःप्रकाशन झालं तेव्हा युरोपातले श्रोते चक्रावले, कारण शिकागोत १९८७ मध्ये 'ॲसिड हाउस' म्हणून जे गाजलं, त्याची यंत्रं आणि त्याचा रंग या तबकडीत पाच वर्षं आधीच होता. चरणजीत सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले. अखेरच्या काही वर्षांत त्यांना परदेशी रंगमंचांवर बोलावणी आली, ही त्यातली समाधानाची बाजू. तबकडीचं श्रेय कुणी त्यांच्याकडून काढून घेऊ नये. तरी नीट ऐकलं की कळतं, राग त्यांनी आपल्या बोटांनी घडवले आहेत आणि ठेका मात्र पेटीने दिला तसा घेतला आहे. ८०८वर डग्गा नव्हता, 'घे'चं चढणं नव्हतं, आणि ते आणायला वायरी जोडायची सोयही नव्हती.

मॉड्युलरचं पुनरुज्जीवन जर्मनीतून झालं. डीटर डोप्फर यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्याला ए-१०० ही मालिका आणली, पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर ठरली, आणि जगभरच्या लहान लहान कारखानदारांनी तेच माप धरलं. त्याला युरोरॅक म्हणतात. आज त्यात खास तालवाद्यांसाठीची मॉड्यूल्सही मिळतात. टिपटॉप ऑडिओचं बीडी-८०८ हे तर जुन्या ८०८चा एकटा बास ड्रम काढून एका अरुंद पट्टीत बसवलेलं आहे, पण आता त्याला बाहेरून व्होल्टेज देता येतं. कातड्याची कंपनं गणिताने मांडणारी मॉड्यूल्सही आहेत, आणि रामनांच्या 'नेचर'मधल्या लेखनाचा शंभर वर्षांनी तिथे पुन्हा उपयोग आहे.

महाराष्ट्राच्या गावागावांत मात्र इलेक्ट्रॉनिक ताल पोचला तो ऑक्टापॅडच्या रूपाने. रोलँडने १९८५ मध्ये पॅड-८ काढला तेव्हा त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी चौकोन, आणि मारलेल्या काठीचा निरोप दुसऱ्या यंत्राला पोचवायचा एवढंच काम. पुढच्या नमुन्यांत आवाज आत आले, आणि १९९८च्या एसपीडी-२०ने तर ऑर्केस्ट्राचं आणि बँडचं रूप पालटलं. ढोलकी, तबला, ताशा, काँगा, झांजा, सगळं एका स्टँडवर. गाण्याबजावण्याच्या रियाजाच्या खोलीत त्याच काळात बंगळुरूच्या राडेल कंपनीची तालमाला बसली, म्हणजे ठेका धरणारा इलेक्ट्रॉनिक तबला.

ऑक्टापॅडवाल्याला कमी लेखण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. एसपीडी-२०मध्ये प्रत्येक पॅडच्या आवाजाचा स्वर आणि विझण्याची वेळ बदलायची सोय आहे, आणि विदर्भ-खानदेशात वरातीत किंवा जागरणात वाजवणारा जाणता गडी कार्यक्रमाआधी ती बटणं दाबताना दिसतो. गायकाची पट्टी काळी चार असली तर ढोलकीची चाटी तो तिथवर चढवतो, लावणीसाठी डिके, म्हणजे विझण्याची वेळ, आखूड करतो म्हणजे बोल एकमेकांत मिसळत नाहीत, आणि भजनाला बसायचं असेल तर तोच आकडा वाढवून खालचा आवाज घुमता ठेवतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. एका वाजवणाऱ्याकडून दुसऱ्याकडे, स्टँडशेजारी उभं राहून, ते शिकवलं जातं.