मोबाईलवरची मराठी बटणं कोण लिहितं? विकिपीडियाच्या भाषांतराचं काम असं चालतं

कसारा : शाळेचा प्रकल्प असो की माळशेज घाटाची माहिती, कसारा, शहापूर, मुरबाड भागातली पोरं मोबाईलवर मराठी विकिपीडिया उघडतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशाचे लेख स्वयंसेवक लिहितात, हे अनेकांना ठाऊक आहे. पण 'संपादन', 'इतिहास', 'शोधा' ही बटणांवरची मराठीसुद्धा बहुतेक स्वयंसेवकच करतात.

काम कुठे होतं?
विकिपीडिया मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो. त्यातली इंग्रजी वाक्यं ट्रान्सलेटविकी डॉट नेट या संकेतस्थळावर भाषांतरासाठी येतात. वाक्य पडद्यावर कुठे दिसणार, याची टीप सोबत असते. 'ओपन' म्हणजे 'उघडा' की 'उघडं आहे', हे टीप वाचल्याशिवाय कळत नाही.

इंग्रजी बदललं की काय?
एकदा मराठी केलं म्हणून काम संपत नाही. २०१६ पासून 'सेव्ह' बटणाच्या जागी 'पब्लिश' हा शब्द आणला गेला. 'सेव्ह' म्हटलं की नवख्याला वाटायचं, लिहिलेलं आपल्यापुरतंच राहील. प्रत्यक्षात ते लगेच जगाला दिसतं. इंग्रजीत एक शब्द बदलला, पण प्रत्येक भाषेत बटण आणि मदतीची पानं पुन्हा तपासायची वेळ आली. असे बदल आधी कळावेत म्हणून 'टेक न्यूज' हे साप्ताहिक पत्रक निघतं. त्याचंही भाषांतर स्वयंसेवकच करतात.

वाक्याचा अर्थच बदलला तर ते नवीन वाक्य म्हणून धरतात. त्याचं मराठी होईपर्यंत तिथे इंग्रजी दिसतं. म्हणजे मराठी पानावर मधेच इंग्रजी बटण दिसलं तर मोबाईल बिघडला असं नाही, बहुधा भाषांतर करायचं राहिलेलं असतं.

दुरुस्ती कुठे करावी?
मराठी विकिपीडियाचे प्रचालक काही शब्द तिथल्या तिथेही बदलू शकतात. पण तसं केलं की पुढे मूळ भाषांतर सुधारलं तरी तिथे जुनाच शब्द राहतो. म्हणून सर्वसाधारण दुरुस्ती ट्रान्सलेटविकीवरच करणं बरं.

सहभागी कसं व्हाल?
ट्रान्सलेटविकीवर मोफत खातं उघडा. आधी नमुन्याची काही भाषांतरं करावी लागतात, ती पाहून परवानगी मिळते. वाक्यात डॉलरचं चिन्ह आणि आकडा असेल तर तो तसाच ठेवा, कारण तिथे नाव किंवा संख्या बसते. शब्द मात्र बचत गटातल्या ताईंना एका नजरेत कळेल असाच निवडा.